नऊवारीच्या निऱ्यांतून आतडं शिकवताना

तक्त्यावरचं आतडं हातभर दिसतं आणि मुलांना ते तेवढंच वाटतं. म्हणून सातवीला पचनसंस्था शिकवायची असली की मी आईचं जुनं सुती नऊवारी शाळेत नेते. नऊ वार म्हणजे साधारण 8.2 मीटर. मोठ्या माणसाचा अन्नमार्गही तोंडापासून गुदद्वारापर्यंत जवळपास एवढाच भरतो.

लुगडं व्हरांड्यात लांब पसरा. एका काठावर खडूने खुणा करायच्या, त्या मुलांनाच करू द्या. तोंड आणि घसा 15 सेंमी, अन्ननलिका 25, जठर 25. पुढे 6 मीटर लहान आतडं, उरलेलं दीड मीटर मोठं आतडं. जठर चटकन संपतं, पण लहान आतड्याची खूण करायला निघालेली मुलगी चालतच राहते. तिला घाई करू नका, बाकीच्यांना ते चालणं पाहू द्या. जठराच्या पुढे वीतभराच्या आत एक सेफ्टी पिन लावा. यकृताकडचं पित्त आणि स्वादुपिंडाचा रस अन्नात मिसळतो तो तिथे.

मग कोणीतरी विचारतंच, "बाई, एवढं पोटात मावतं कसं?"

आता निऱ्या घाला. जठरालगतचं वीतभर आतडं सोडून द्या, ते पोटाच्या मागच्या भिंतीलाच चिकटलेलं असतं. उरलेल्या लहान आतड्याच्या भागात खुणा नसलेला काठ चुणत चुणत मुठीत धरा आणि खुणांचा काठ मोकळा सोडा. मोकळा काठ झालरीसारखा पसरतो, तेच आतडं. मधलं कापड म्हणजे मेसेंटरी, आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी जोडणारा पातळ पडदा. मूठ म्हणजे ती मागची भिंत. खऱ्या शरीरात ही मूठ जेमतेम 15 सेंमीची असते. मेसेंटरी मात्र लुगड्याच्या पन्ह्यापेक्षा पुष्कळ अरुंद असते, हे मुलांना सांगा. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण आतडं पोटात नुसतं कोंबलेलं नसतं हे इथे हाताला कळतं. रक्तवाहिन्या याच निऱ्यांतून आतड्यापर्यंत येतात आणि भाकरीतली साखर उचलून यकृताकडे नेतात.

शेवटी एका मुलाला उताणं झोपवून मूठ त्याच्या बेंबीवर ठेवा. मोठ्या आतड्याचा भाग निऱ्यांभोवती चौकटीसारखा फिरवा: उजवीकडे खालून वर, बरगड्यांखालून आडवा, डावीकडे खाली. उजवी बाजू झोपलेल्या मुलाची धरायची, पाहणाऱ्याची नव्हे. इथे दर वर्षी निम्मा वर्ग चुकतो.