मॅरेथॉन धावताना खायचं कसं? आधी पोटाला सराव द्या

तासाभरात संपणाऱ्या धावण्याला पाणी पुरतं. हाफ मॅरेथॉनला दोन-अडीच तास लागत असतील किंवा फुल मॅरेथॉन धावणार असाल, तर मात्र वाटेत खाणं भाग आहे. स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजनचा (शरीराने साठवलेल्या साखरेचा) साठा जोरात धावताना दीड-दोन तासांत आटत येतो. मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

१. आकडा ठरवा. एक ते अडीच तासांसाठी तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, त्याहून लांब पल्ल्याला ९० ग्रॅमपर्यंत.

२. पदार्थ निवडा. एका जेलमध्ये (धावताना खायची पुडीतली दाट, गोड पेस्ट) साधारण २०-२५ ग्रॅम असतात, मध्यम केळ्यातही जवळपास तेवढेच. घरचं सरबतही चालतं: लिटरभर पाण्यात ६० ग्रॅम साखर, लिंबू, चिमूटभर मीठ. शेंगदाण्याची चिक्की नको, त्यातली चरबी पचन रेंगाळवते. आणि कृपा करून ओआरएसला ‘एनर्जी’ समजू नका. प्रमाणित ओआरएसच्या लिटरभर पाण्यात ग्लुकोज असतं जेमतेम १३.५ ग्रॅम. ते जुलाबासाठी बनवलंय.

३. पोटाला सराव द्या. सगळं इथेच अडतं. मलाही पायांपेक्षा पोटानेच जास्त छळलंय: मळमळ, कळा, मधेच थांबणं. ‘जेल मानवत नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी सरावात ते घेतलेलंच नसतं. महिनोन् महिने उपाशीपोटी लांब धावायचं आणि शर्यतीत एकदम चार जेल ढकलायची, हा सल्ला देणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका.

धावताना रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतं, आतड्याच्या वाट्याला कमी येतं. मुंबईच्या दमट हवेत तर आणखी कमी. पण आतडं सरावाने साखर जास्त शोषायला शिकतं. म्हणून शर्यतीच्या सहा-आठ आठवडे आधीपासून दर लांब धावेला खा. तासाला ३० ग्रॅमपासून सुरुवात करा, आठवडा-दोन आठवड्यांनी १० ग्रॅम वाढवा. पोट कुरकुरलं, तर एक पायरी मागे या. सोडून देऊ नका. यातल्या दोन-तीन धावा शर्यतीच्या वेगाने करा. रमतगमत धावताना पचलेलं वेगात पचेलच असं नाही.

पहिला घास अर्ध्या तासाच्या आत, मग दर वीस मिनिटांनी थोडं थोडं. दमल्यावर खाल्लेलं वेळेवर पोहोचत नाही. जेलवर साधंच पाणी प्या, सरबत नको. साखर दाट झाली की आतड्यात पाणी खेचलं जातं आणि पोट डचमळतं. ६० ग्रॅमच्या पुढे जायचं, तर ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोज हवंच. ग्लुकोजची शोषणाची वाट साधारण तिथे भरते, फ्रुक्टोजची वेगळी असते. साध्या साखरेत दोन्ही असतात.

४. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही तोंडात घालू नका, फुकट मिळालं तरी. मुंबई मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो. जेल त्याच्या आधीच घ्या; चढावर धाप लागलेली असताना ते गिळवत नाही.