बाथरूमच्या चौकटीला टाइल भिडवू नका

कोकणात चिऱ्याच्या घरांना अजून सागाची नाहीतर फणसाची चौकट बसते, आणि मृगापासून ती पाणी पिऊन फुगते. टाइल चौकटीला घट्ट भिडवून फटीत पांढरं सिमेंट भरलं, तर पहिल्याच पावसाळ्यात तडा ठरलेला. म्हणून चौकट आणि टाइल यांच्यात ३ ते ५ मिमी फट सोडायला सांगा. मिस्त्री कुरकुर करेल, करू दे.

फट सिलिकॉन सीलंटने भरायची, बुरशीरोधकच घ्या. चौकट कोरडी हवी, म्हणजे हे काम एप्रिल-मेमध्येच. दोन्ही कडांना मास्किंग टेप लावा, सीलंट एका दमात ओढा, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट फिरवा आणि साय धरायच्या आत टेप काढा. नाहीतर कड फाटते.

चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात सांधा आणू नका, एकच टाइल एल आकारात कापा. आतल्या कोनात आधी ६ मिमीचं भोक पाडून मग कटर तिथपर्यंतच न्यायचा, म्हणजे चीर पुढे धावत नाही. कड झाकायला पट्टी हवीच असेल तर पीव्हीसीची घ्या. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी पट्टी टिकत नाही, आणि गंजाचे ओघळ टाइलवरून निघता निघत नाहीत.