वॉशिंग मशीनमधील बुरशी आणि कुबट वास
समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनमध्ये बुरशी बहुधा दाराच्या रबरी गॅस्केटच्या खालच्या घडीत धरते, कारण धुणे झाल्यावर उरलेले पाणी, कपड्यांचे धागे आणि साबणाचा चिकट थर तिथेच साचून राहतो. ही घडी बोटांनी उलगडून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने आतपर्यंत पुसावी, डिटर्जंटचा कप्पा बाहेर काढून जुन्या टूथब्रशने घासावा आणि मग रिकामे मशीन 60 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानावर एकदा चालवावे. ब्लीच वापरल्यास त्यात व्हिनेगर चुकूनही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. डाग राहिला तरी चालेल, पण ही खबरदारी हवीच. एरवी धुणे आटोपल्यावर दार आणि कप्पा थोडा वेळ उघडा ठेवावा.