दुसरा भाग पहिल्याशी कसा ताडून पाहावा

गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक बहुधा एकच वाक्य बोलतो : ‘पहिल्याची सर नाही.’ हे वाक्य पुष्कळदा खरे असते, पण त्यातून नेमके काय उणे पडले हे कळत नाही, आणि जेथे दुसरा भाग पहिल्याच्या पुढे गेलेला असतो तेथेही तेच वाक्य सवयीने तोंडातून निघून जाते. चित्रपटावर चार ओळी लिहिणाऱ्याने, किंवा घरी नुसती चर्चा करणाऱ्यानेही, ही तुलना थोडी शिस्तीने केली तर दोन्ही चित्रपटांना न्याय मिळतो. ती कशी करावी, हे आपल्या परिचयाच्या काही मराठी आणि हिंदी चित्रपटांच्या आधाराने येथे सांगत आहे.

पहिले काम म्हणजे मूळ चित्रपट त्याच आठवड्यात पुन्हा पाहणे. ‘बघितलेला आहे की’ म्हणून ही पायरी गाळू नये, कारण आपल्या मनात मूळ चित्रपट नसतो, त्याची आठवण असते, आणि आठवणीतून कंटाळवाणे प्रसंग गळून गेलेले असतात. ‘झपाटलेला’ १९९३ साली आला. ज्यांनी तो लहानपणी दूरदर्शन संचावर भावंडांच्या घोळक्यात पाहिला, त्यांना तात्या विंचूचा बाहुला आणि ‘ओम फट् स्वाहा’ आठवते, पण मधली गाणी फारशी आठवत नाहीत. २०१३ साली त्याचा दुसरा भाग थ्रीडीमध्ये आला, तेव्हा त्याची गाठ त्या चित्रपटापेक्षा वीस वर्षांच्या आठवणीशी होती. शिवाय ज्यांच्या घाबरण्यावर पहिल्या भागाचा सारा विनोद तोलला होता, ते लक्ष्मीकांत बेर्डे २००४ सालीच आपल्यातून गेले होते. ही पोकळी कोणत्याही दिग्दर्शकाला भरता येण्याजोगी नव्हती, म्हणून ती दुसऱ्या भागाच्या दोषांच्या यादीत टाकणे मला अन्यायाचे वाटते.

मूळ चित्रपट पुन्हा पाहताना जवळ कागद ठेवावा आणि त्यावर दोनच गोष्टी लिहाव्यात : हा चित्रपट कोणत्या खांबावर उभा आहे, आणि शेवटी कोणता धागा मोकळा सुटला आहे. खांब म्हणजे ती गोष्ट, जी काढून घेतली तर चित्रपट उरणारच नाही. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) मध्ये हा खांब सहज दिसतो : एक दिवस, एक शहर, एकमेकांचे नावही ठाऊक नसलेली दोन माणसे आणि त्यांचे बोलणे. २०१५ च्या दुसऱ्या भागात त्या दोघांना नावे मिळतात, घरचे लोक येतात आणि लग्न ठरते. येथे ‘गप्पांची ती मजा नाही’ एवढे म्हणून थांबू नये, कारण दिग्दर्शक सतीश राजवाडे यांनी तो खांब जाणून-बुजून काढला आहे. त्याच्या जागी काय उभे केले, हा खरा प्रश्न आहे. तेथे उभी केली आहे ती होकार दिल्यानंतर मनात येणारी धास्ती. विषय अस्सल आहे, पण माझ्या मते लग्नघरातल्या वर्दळीने ती धास्ती वारंवार झाकली जाते, आणि मुक्ता बर्वे व स्वप्नील जोशी दोघेच समोरासमोर येतात तेव्हाच चित्रपट पुन्हा पहिल्याच्या जातीचा होतो. अशी नोंद केली की ‘सर नाही’ या शब्दांना अर्थ येतो.

कधी खांब तोच ठेवून फक्त त्याचे लाकूड बदललेले असते. ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) गणपतीपुळ्याला निघालेल्या एस.टी. बसमध्ये घडतो आणि अशोक सराफ त्यात कंडक्टर आहेत. २०२४ च्या दुसऱ्या भागात बसची आगगाडी होते आणि कंडक्टरचा टी.सी. होतो. बसमध्ये सगळे प्रवासी एकाच डब्यात कोंडलेले असल्यामुळे एकाचे बोलणे सर्वांच्या कानी पडते आणि घंटीच्या दोरीवर कंडक्टरची सत्ता चालते. गाडीत माणसे विखुरतात. वाहन बदलल्याने विनोदाची जात कशी बदलली, हे अशा वेळी पाहावे.

आता तुलनेचा सर्वांत उपयोगी भाग. दोन्ही चित्रपटांतून एकच काम करणारे प्रसंग निवडून ते शेजारी-शेजारी ठेवावेत. ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ (२००३) आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) ही राजकुमार हिरानी यांची जोडी या अभ्यासासाठी फार चांगली आहे, कारण दुसऱ्या भागात पहिल्याची कथा पुढे जातच नाही. मनाने हळवा गुंड मुन्ना आणि त्याचा साथीदार सर्किट तेवढे तेच आहेत. बोमन इराणी पहिल्यात डॉक्टर अस्थाना आहेत, तर दुसऱ्यात बिल्डर लकी सिंग. कथेचा धागा नाही म्हटल्यावर तुलना करायची ती वृत्तीची.

पहिल्या भागातला प्रसंग घ्या. रुग्णालयाची पुसलेली फरशी लोक तुडवत जातात म्हणून एक म्हातारा सफाई कामगार चिडचिड करत असतो, आणि मुन्ना त्याला मिठी मारून त्याचे आभार मानतो. म्हाताऱ्याचा चेहरा क्षणात बदलतो. दुसऱ्या भागात एक गृहस्थ मुन्नाला रेडिओवरून गाऱ्हाणे सांगतो की शेजारी रोज आपल्या दाराबाहेर पान खाऊन थुंकतो. त्याला सल्ला मिळतो की त्या शेजाऱ्यादेखत हसतमुखाने ते पुसून काढावे, आणि तो गृहस्थ रोज ते करत राहतो, थुंकणारा शरमेपर्यंत. दोन्ही प्रसंगांचे यंत्र एकच आहे : जेथे राग अपेक्षित आहे तेथे ममता. फरक असा की पहिल्यात ती मुन्ना स्वतः दाखवतो आणि परिणाम तत्काळ होतो. दुसऱ्यात ती अनोळखी माणसाने दाखवायची आहे आणि तिला दिवस लागतात. वृत्ती एका माणसाच्या स्वभावातून निघून दुसऱ्याच्या आचरणात गेली, आणि मुन्नाची जबाबदारीही वाढली. म्हणून या बाबतीत दुसरा भाग पहिल्याच्या पुढे गेला आहे असे मी निःशंकपणे म्हणतो. दिलीप प्रभावळकरांनी त्यात मुन्नाला दिसणाऱ्या आणि वाट दाखवणाऱ्या गांधीजींना जो संथ, मृदू आवाज दिला, त्याचा यात मोठा वाटा आहे, आणि त्या भूमिकेची राष्ट्रीय पुरस्कारानेही दखल घेतली.

याच पद्धतीने खोटेपणाचा धागाही तपासता येतो. पहिल्यात मुन्ना डॉक्टर असल्याचे आईवडिलांना सांगतो, दुसऱ्यात इतिहासाचा प्राध्यापक असल्याचे आपल्या आवडत्या रेडिओ-निवेदिकेला, जान्हवीला. पहिले खोटे कथेच्या आरंभीच उघडे पडते आणि तेथून त्याची धडपड सुरू होते. दुसरे तो स्वतः पत्र लिहून कबूल करतो. खोटे पकडले जाणे आणि खोटे कबूल करणे यांतले अंतर प्रेक्षकाने मोजले पाहिजे.

जेथे कथा सलग पुढे जाते तेथे मोकळ्या धाग्याची नोंद कामी येते. याचे सर्वांत चोख उदाहरण मला ‘दृश्यम’ वाटते. (ज्यांनी दोन्ही भाग पाहिलेले नाहीत त्यांनी येथून पुढचे दोन परिच्छेद आणि अगदी शेवटचा परिच्छेद आधी वाचू नयेत.) पहिल्या भागात गुन्हा काय घडला हे आपल्याला ठाऊक असते, पण प्रेत कोठे आहे ते शेवटपर्यंत कळत नाही, अखेरच्या दृश्यात ते नव्या पोलीस ठाण्याच्या फरशीखाली असल्याचे उमगते. दुसऱ्या भागापाशी हे गुपित शिल्लकच नसते. ते आपल्याला माहीत असल्यामुळे पोलीस त्या फरशीच्या जवळ जाऊ लागले की जीव टांगणीला लागतो, आणि लपवले जाते ते दुसरेच : मधल्या वर्षांत नायकाने कशाची तयारी करून ठेवली आहे. पूर्वार्ध संथ वाटतो, अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. उत्तरार्ध पाहून झाल्यावर पूर्वार्ध पुन्हा पाहावा. शेजारचे जोडपे, चित्रपट काढण्याचा नायकाचा छंद, हे सारे पेरलेले बी होते हे ध्यानात येते.

‘दृश्यम’मुळे आणखी एक सोय झाली आहे. मल्याळममधले दोन्ही भाग (२०१३ आणि २०२१) जितू जोसेफ यांनीच लिहिले व दिग्दर्शित केले, तर गोव्यात घडणाऱ्या हिंदी भागांपैकी पहिला (२०१५) निशिकांत कामत यांचा आणि, २०२० साली त्यांचे निधन झाल्यानंतर आलेला, दुसरा (२०२२) अभिषेक पाठक यांचा आहे. कथा जवळजवळ तीच असल्यामुळे, मल्याळम जोडीत दिसणारा फरक लेखनातला आणि हिंदी जोडीत त्याखेरीज दिसणारा फरक हाताळणीतला, असे बरेचसे वेगळे काढता येते. मल्याळम दुसरा भाग थेट ओटीटीवर आला आणि हिंदी दुसरा चित्रपटगृहात, हेही विसरू नये. भरलेल्या सभागृहातला श्वास रोखणारा शांतपणा घरच्या पडद्यावर मिळत नाही, म्हणून तुलनेसाठी सर्व भाग एकाच ठिकाणी पाहावेत.

क्रमाबद्दलही एक सूचना. भाग ज्या क्रमाने प्रदर्शित झाले त्याच क्रमाने पाहावेत, कथेतल्या काळाच्या क्रमाने नव्हे. ‘टाईमपास’ (२०१४), ‘टाईमपास २’ (२०१५) आणि ‘टाईमपास ३’ (२०२२) यांत तिसऱ्या भागाची कथा पहिल्या दोहोंच्या मधल्या काळात घडते. शिवाय दुसऱ्या भागात मोठे झालेले दगडू आणि प्राजक्ता प्रियदर्शन जाधव व प्रिया बापट यांनी उभे केले, तर तिसऱ्यात दगडूच्या भूमिकेत प्रथमेश परब परतला. दिग्दर्शक रवी जाधव यांनी प्रत्येक वेळी प्रेक्षकाला काय ठाऊक आहे हे धरूनच कथा रचली असणार. नट बदलला असेल तर हुबेहूबपणा शोधू नये. दगडूची ऐट आणि तिच्याखालचा हळवेपणा नव्या चेहऱ्यात उतरला का, एवढेच पाहावे.

गल्ल्याचे आकडे या तुलनेत आणू नयेत. दुसऱ्या भागाची पहिल्या तीन दिवसांतली गर्दी ही पहिल्या भागाची पुण्याई असते, आणि मधल्या वर्षांत तिकिटांचे दरही बदललेले असतात.

सर्व नोंदी झाल्यावर मूळ चित्रपटाचा शेवट तेवढा पुन्हा एकदा लावावा. ‘दृश्यम’च्या शेवटी नायकाने रात्री त्या अर्धवट इमारतीत काय केले ते पाहताना पूर्वी आपण फक्त त्याच्या शांत चेहऱ्याकडे पाहत होतो. दुसरा भाग पाहिल्यावर नजर त्याच्यामागच्या अंधाराकडे जाते, कारण त्या रात्री त्याला तेथून बाहेर पडताना कोणीतरी पाहिले होते हे आता आपल्याला ठाऊक असते.