रेडमध्ये घालण्याआधी हार्ड डिस्क अशी तयार करा

डिस्क बाद व्हायचीच असेल तर ती टेबलावर झालेली बरी. अ‍ॅरेतली, म्हणजे रेडने एकत्र जोडलेल्या डिस्कच्या गटातली, एक डिस्क गेली की रिबिल्डसाठी (तिचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा उभा करण्यासाठी) उरलेल्या डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात, आणि महिनोन्‌महिने कुणी न वाचलेला खराब सेक्टर नेमका तेव्हा वर येतो. खालची पद्धत लिनक्स, एमडीएडीएम (लिनक्सवर रेड बांधायचं साधन) आणि ४ टीबीच्या सहा साटा (घरगुती संगणकांतली नेहमीची जोडणी) डिस्कचा रेड-६ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकतो असा प्रकार) धरून दिली आहे. यात डिस्कवरचं सगळं पुसलं जातं.

आधी मॉडेल नंबरावरून डिस्क सीएमआर आहे की एसएमआर ते बघा. सीएमआरमध्ये डेटाचे ट्रॅक शेजारी-शेजारी असतात, एसएमआरमध्ये एकमेकांवर चढलेले. आतली कॅशेची जागा भरली की लिहिण्याचा वेग कोसळतो, रिबिल्ड रेंगाळतो आणि डिस्क वेळेत उत्तर देत नाही म्हणून अ‍ॅरेबाहेर फेकली जाते. खोक्यावरच्या ‘नॅस’ (नेटवर्कवरचं स्टोरेज) या शब्दावर विसंबू नका. वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (इथे हे फक्त ब्रँडनाव) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं, आणि त्या नॅससाठीच विकल्या जात होत्या.

डिस्क जोडल्यावर स्मार्टसीटीएलचा (डिस्कच्या तब्येतीच्या नोंदी वाचणारी आज्ञा) पूर्ण रिपोर्ट फाइलमध्ये साठवा. त्यातले ५ (बदलून टाकलेले सेक्टर), १९७ (संशयित सेक्टर), १९८ (दुरुस्त न होणारे सेक्टर) आणि १९९ (डेटा ने-आण करतानाच्या चुका) या क्रमांकांचे आकडे महत्त्वाचे. पहिले तीन शून्यच हवेत. १९९ वाढत असेल तर बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. हा आकडा पुन्हा खाली येत नाही, त्यामुळे तो लिहून ठेवा, केबल बदला आणि पुढे वाढतो का ते बघा. मग डिस्कने स्वतःचीच घ्यायची शॉर्ट टेस्ट, ती दोनेक मिनिटांत आटोपते. त्यात पास झाली तर लाँग टेस्ट; ४ टीबीला सात-आठ तास धरा.

खरी कसोटी बॅडब्लॉक्स या आज्ञेची. लिहून तपासण्याचा पर्याय आणि ४०९६ चा ब्लॉक साइज द्या. तो चार वेगवेगळे पॅटर्न अख्ख्या डिस्कवर लिहितो आणि प्रत्येक परत वाचतो, म्हणजे एकूण आठ फेऱ्या. सरासरी १५० एमबी प्रति सेकंद धरले तर एक फेरी साडेसात तासांची आणि सगळं मिळून अडीच दिवस. सहाही डिस्क एकदम चालवा, पण प्रत्येक टीमक्सच्या (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) वेगळ्या खिडकीत, नाहीतर एसएसएच (दुरून लॉगिनची जोडणी) तुटलं की काम तिथेच संपलं. १८ टीबी किंवा त्याहून मोठ्या डिस्कला ४०९६ चालत नाही, ब्लॉकची संख्या ३२ बिटांत मावत नाही, ८१९२ द्या. तापमान ५० अंशांवर जात असेल तर थांबा आणि आधी पंख्याची सोय करा. शेवटी पुन्हा लाँग टेस्ट घ्या आणि जुना रिपोर्ट शेजारी ठेवून ताडा. नव्या डिस्कचा ५ क्रमांकाचा आकडा शून्यावरून हलला असेल तर ‘आठच सेक्टर तर आहेत’ म्हणत बसू नका, वॉरंटीत परत करा.

जुन्या स्टोरेजमधून निघालेल्या सॅस (सर्व्हरमधली जोडणी) डिस्कची गंमत वेगळी. नेटअ‍ॅप किंवा ईएमसी या स्टोरेज कंपन्यांच्या बऱ्याच डिस्कचा सेक्टर ५२० बाइटचा असतो. कर्नल (लिनक्सचा गाभा) तो नाकारतो आणि डिस्कचा आकार शून्य दिसतो. एसजी-फॉरमॅट या आज्ञेने तो ५१२ करा. याला कित्येक तास लागतात, आणि मध्येच वीज गेली तर डिस्क अर्धवट फॉरमॅटच्या अवस्थेत अडकते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. यूपीएस नसेल तर हात घालू नका.

बाहेरच्या यूएसबी खोक्यातून काढलेली साटा डिस्क फिरतच नसेल तर ती मेली असं लगेच समजू नका. नव्या साटा मानकात वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते, आणि जुने पॉवर सप्लाय तिथे ३.३ व्होल्ट देतात. त्या पिनवर कॅप्टॉन टेपची (वीज अडवणारी चिकटपट्टी) बारीक पट्टी लावा. मोलेक्सचा (जुन्या चार पिनांच्या वीजजोडणीचा) अ‍ॅडॉप्टर हाही उपाय आहे, पण एकसंध प्लॅस्टिकमध्ये ओतलेला घेऊ नका. त्यात तारा आतल्या आत टेकून जळण्याचे प्रकार होतात.

मग जुन्या खुणा पुसायच्या. डीडी या आज्ञेने सुरुवातीचे काही एमबी शून्य करणं पुरत नाही, कारण जीपीटीची (पार्टिशनच्या तक्त्याची) प्रत, झेडएफएस या फाइल सिस्टिमची दोन लेबलं आणि कित्येक रेड कंट्रोलरांची नोंद डिस्कच्या शेवटी असते. वाइपएफएस ही खुणा शोधून पुसणारी आज्ञा आधी पर्यायाशिवाय चालवून काय सापडतंय ते बघा, मग सगळं पुसा.

पार्टिशन १ एमआयबीपासून सुरू करून शेवटी १०० एमबी मोकळे सोडा. उद्या बदली म्हणून आलेली दुसऱ्या कंपनीची ‘४ टीबी’ डिस्क काही सेक्टरांनी लहान निघाली तर अ‍ॅरे ती घेणार नाही.

आता वेळमर्यादा. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचायला मिनिटभराहून जास्त झटत बसू शकते, कर्नल मात्र ३० सेकंदांत कंटाळतो. स्मार्टसीटीएलने एससीटी ईआरसी (चुकीशी झटत बसण्याची डिस्कची मर्यादा) ७०,७० करा, म्हणजे वाचायला आणि लिहायला सात-सात सेकंद. बऱ्याच डिस्क वीज बंद होताच हे विसरतात, म्हणून ते स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये टाका. डिस्कला ही सोयच नसेल तर कर्नलची मर्यादा १८० सेकंद करा.

ट्रेच्या दर्शनी बाजूला सीरियल नंबरचे शेवटचे चार अंक चिकटवा. एसडीए, एसडीबी ही लिनक्सने दिलेली नावं रीबूटनंतर बदलू शकतात. अ‍ॅरे बांधून झाला, सिंक पूर्ण झालं की डेटा भरण्याआधी एक डिस्क मुद्दाम फेल करून काढा: इशाऱ्याची ईमेल येते का आणि रिबिल्डला किती तास लागतात ते बघा. कुठल्या ट्रेमध्ये कुठला सीरियल नंबर, ही यादी सर्व्हरबाहेर ठेवा.