श्रावणात उघडीप मिळाली की आधी गायरी उपसा

माडाचा शेंडा नंतर बघा, आधी गोठ्यामागची गायरी, म्हणजे शेणखताचा खड्डा, बघा. झावळ्या कात्रीने कातरल्यासारख्या त्रिकोणी दिसायला लागल्या की लोक औषधाच्या दुकानात धावतात. गेंड्या भुंगा शेंड्यात शिरतो खरा, पण तो वाढतो तुमच्याच न हलवलेल्या शेणखतात आणि कुजत पडलेल्या माडाच्या खोडात. भुंग्याने माड पोखरला की त्याच जखमेतून सोंड्या भुंगा शिरतो, आणि मग माड हातचा जातो. असे माड मी दरवर्षी बघतो. गायरी मात्र तशीच असते.

गायरी उपसताना फावडं लागून गेंड्या भुंग्याची अळी फुटली तर जरा थांबून बघा. रक्त लाल नसतं, पाणचट पिवळसर असतं, आणि वारा लागला की काळपट पडत जातं. तो काळेपणा म्हणजे तिची ढाल. बाहेरचं काही अंगात शिरलं की रक्तातल्या पेशी त्याभोवती गोळा होतात, गाठ करतात आणि वर मेलॅनिनचं काळं कवच चढतं. शिवाय जंतूंना मारणारी प्रथिनं रक्तात सुटतात. स्कॅराबेसिन हे त्यातलं एक गेंड्या भुंग्यातच सापडलंय. अंगावर काळे डाग असलेली अळी खुशाल खत खाताना दिसते, ती बहुधा जुनी जखम पचवून बसलेली असते.

मेटारायझियम ही हिरवी बुरशी या ढालीला पुरून उरते. ती अळीची कातडी भेदून आत शिरते आणि तिचं विष रक्तपेशींनाच लुळं करतं. पण मूठभर पावडर वरवर भुरभुरली तर अळीच जिंकते. शिफारस आहे एका घनमीटर खताला ५० हजार कोटी बीजाणूंची (बुरशीच्या बारीक बियांची). पाकिटावर ग्रॅमला १० कोटी लिहिलं असेल तर हे झाले ५ किलो! दुकानदार एक किलोत अख्खी गायरी भागवतो आणि वर महागडं दाणेदार कीटकनाशक गळ्यात मारतो. उन्हातल्या फळीवरचं, मुदत संपलेलं पाकीट तर घेऊच नका. रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात आधी विचारा.

कामं अशी:
– गायरी तळापर्यंत उपसा, अळ्या वेचून कोंबड्यांना टाका
– बुरशी पाण्यात कालवून थराथरात मिसळा, ओल टिकवा, वर झावळ्यांची सावली
– कुजकी खोडं फोडून जाळा
– शेंड्यातल्या भोकात आकडी घालून भुंगा काढा
– वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत २५० ग्रॅम निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून भरा

सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारताय ना? त्याचा एक थेंबही गायरीत जाऊ देऊ नका, तो आपलीच बुरशी मारतो. माझा अंदाज असा की अळी करंगळीएवढी असताना बुरशी लवकर लागते, अंगठ्याएवढी झाली की दाद देत नाही. म्हणून गणपतीपर्यंत थांबू नका.

दोन-तीन आठवड्यांनी परत उकरा. मेलेली अळी काळी, मऊ आणि घाण वासाची असेल तर ते काम बुरशीचं नव्हे. कडक होऊन वर हिरवी पूड धरलेली सापडली तर फेकू नका, कुस्करून तिथेच खतात मिसळा.