तोरणमाळला रानपिंगळा पाहायचा तर

पहिली गोष्ट, घाई करून थेट वर तोरणमाळच्या यशवंत तलावावर जाऊ नका. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर असं करत घाट लागतो. त्याआधीच्या पायथ्याच्या सागात सकाळ घालवा. रानपिंगळा म्हणजे रानातलं छोटं घुबड. १८८४ नंतर या पक्ष्याची खात्रीची नोंदच नव्हती. तो संपला असं धरून चालले होते. १९९७ च्या नोव्हेंबरात तो पुन्हा दिसला, तो आपल्या शहाद्याजवळच्या रानात. मी इथलीच, आणि हे सांगताना अजून ऊर भरून येतो.

फेब्रुवारीत या. सागाची पानं गळालेली असतात, फांद्या मोकळ्या दिसतात. हा पिंगळा दिवसा वावरतो, म्हणून अंधारात रान तुडवायची गरज नाही. ऊन चढू लागलं की तो उघड्या फांदीवर येऊन बसतो आणि खाली सरडे हेरतो. शेपटी झटकण्याची सवय लक्षात ठेवा.

आता घोटाळा होतो तो नेहमीच्या पिंगळ्याशी. गावातल्या वडावर असतो त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, छाती गडद तपकिरी, आणि पायांवर पांढरी पिसं इतकी भरघोस की पाय जाडजूड दिसतात. मी आधी डोकं बघते, मग छाती. तरीही खात्री होत नसेल तर वहीत 'पिंगळा' एवढंच लिहा.

मोबाइलवर त्याचा आवाज लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. एकदा काही पाहुण्यांनी सागाच्या ढोलीसमोर तो पुन्हा पुन्हा वाजवला. ढोलीजवळचं पाखरू उडालं, ते आम्ही तिथे होतो तोवर परतलं नाही. घरटं करण्याचेच दिवस होते ते. फोटोसाठी फांद्या तोडू नका, ढोलीखाली उभे राहू नका. लांब बसा, दुर्बीण मांडीवर ठेवा. पाड्यावरचा वाटाड्या सोबत घ्या आणि त्याच्या दिवसाची मजुरी आधीच ठरवून पूर्ण द्या. कुठल्या नाल्यात जायचं नाही हे त्याला माहीत असतं.

दुपारी वर जा. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा बांधून आणलेला असेल तर यशवंत तलावाच्या काठी सावलीत सोडा. कमळ तलाव मी संध्याकाळसाठी राखून ठेवते. खरकटं पिशवीत भरून परत न्या. सीताखाईच्या दरीकडे उजेड असतानाच जा. कड्याच्या टोकाशी पोरांचा हात सोडू नका.